माउथपीस धुण्याचा टब

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! खोली काडेपेटीएवढी, पण खिडकीतून थेट समुद्र. समुद्रात बुडी मारायला शिकवणाऱ्या या केंद्रातलं काम सोपं आहे. नवशिके किनाऱ्यावरून चालतच पाण्यात उतरतात, छातीएवढ्या पाण्यात श्वास घ्यायला शिकतात आणि मग केंद्र चालवणारे सर त्यांना प्रवाळाच्या कडेपर्यंत फिरवून आणतात. मी फक्त सामान धुवायचं. श्वासाच्या नळीचे, दातांत धरायचे रबरी माउथपीस मोठ्या टबात बुडवायचे, पाण्यात झाकणभर जंतुनाशक घालायचं. मास्कवर वाफ धरू नये म्हणून सगळे काचेवर चक्क थुंकतात आणि त्याच टबात खळबळतात. शी! मी नाक मुरडलं, तर सर म्हणाले, होईल सवय.

रविवारी धाकटी बहीण येतेय. दातांची डॉक्टर होतेय बाईसाहेब, पुस्तकातून डोकं वर काढत नाहीत. तिची पहिली बुडी माझ्याकडून.

५ तारीख, बुधवार
माउथपीसला औषधाची चव येते म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात. सर म्हणाले, औषध बंद, नुसत्या समुद्राच्या पाण्यात बुडव. मला पटलं नाही, पण नवी नोकरी, कशाला तोंड वर करून बोला. दुपारी मीही टबातलाच एक माउथपीस घेऊन उतरले. काय ते रंग, काय ते मासे! तासभर जागची हलले नाही.

७ तारीख, शुक्रवार
टबाच्या तळाला साय धरलीय. खरवडली तर नखांत गेली, शेंबडासारखी. लोकांची थुंकी, आणि माझी नखं. चार वेळा हात धुतले, तरी जेवण गेलं नाही. त्यात जिभेखाली पुळी आलीय, खरखरीत.

८ तारीख, शनिवार
पुळी नाही, पुळ्या. गालाच्या आत रांगच्या रांग. प्रत्येकीला मधोमध भोक, भोकाभोवती केस. मिठाच्या पाण्याने चूळ भरली, तर सगळ्या एकदम उमलल्या. ओकले. ओकारीतही काहीतरी वळवळत होतं.

सरांकडे धावले. ते ओठ घट्ट मिटून बसलेत, कालपासून कुणाशी बोललेले नाहीत. पाण्याकडे बोट दाखवतात, बस.

दुपारी
जीभ हलत नाही. टबात जंतुनाशकाची अख्खी बाटली ओतली. धाकटीला कळवलं, येऊ नकोस. ती निघालीसुद्धा —

९ तारीख, रविवार
आली. बोलता येत नाही, म्हणून याच वहीत लिहून दाखवलं, पाण्यात पाय ठेवायचा नाही. ऐकलं बाई तिने. सुटले.

पण माझं तोंड बघायचंय म्हणते. मी मान हलवून नको नको म्हणतेय. ती हटून बसलीय, रोज शंभर तोंडं बघते म्हणे.

"ताई, आ कर."

नको, धाकटे, नको —

बोट घातलंस ना आत.

ओढू नकोस. हे वाच. मी चावले नाही. तोंड मी मिटलेलं नाही, आपोआप —

रड, पण ओढू नकोस, कातडी सोलून निघेल —

पुळ्या तुझ्या मनगटाकडे सरकतायत — कुणाला तरी हाक मार — हात कोपरापासून तोडायला सांग, लगेच —

शी, किती घाण — धाकटे, मला माफ कर — मला चव आवड