शिस्तीचे गुण परत करताना

अंबरनाथ (पूर्व), रविवार

ती. शीलाआत्या,

सविनय जयभीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? बदलापूरला तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली असेल तर गुडघ्याला कळू देऊ नकोस, लाडावेल. इकडे सगळे मजेत. (व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून कागद घेतला.)

तुझी भाची उल्हासनगरला बी.पी.एड. करतेय आणि पुढच्या वर्षी पीटीची बाई होणार, हे तू बिल्डिंगभर सांगितलं आहेसच. आता पुढचं ऐक. मागच्या महिन्यात एक संशोधक बाई वर्गात आल्या. होणाऱ्या क्रीडाशिक्षकांची स्वयंशिस्त आणि त्यांचं आयुष्यातलं समाधान यांचा काही संबंध आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. शिस्तीच्या पन्नास प्रश्नांचा फॉर्म, शेवटी समाधानाचे थोडे. ‘मी ठरलेल्या वेळी उठते’, ‘मी काम पुढे ढकलत नाही’, असलं सगळं. मी शिस्तीच्या पन्नासही ठिकाणी ‘नेहमी’वर खूण केली. (फॉर्म दिला दोन दिवस उशिरा.) गुण आणि नंबर ज्याचे त्यालाच कळणार होते, पण पहिली आल्यावर कोण गप्प बसतं? बातमी आमच्या नरेंद्र सरांपर्यंत गेली. सर म्हणाले, “मग मैदानाची किल्ली विनिताकडे.”

रोज साडेपाचला फाटक उघडायचं. आठ दिवस उघडलं. किल्ली गळ्यात घालून मी अशी चालायचे की समोरच्या पापडवाल्या मोतीबाई मला “मॅडम” म्हणायला लागल्या.

नवव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा साडेसहा वाजले होते. दात रिक्षात घासले. (पाणी रिक्षावाल्याने दिलं, भला माणूस.) पोचले तर अख्खा वर्ग बंद फाटकाबाहेर रस्त्यावर बैठका मारतोय आणि मोतीबाई मोजतायत. तोपर्यंत मलाही हसू येत होतं. मग जितेश दिसला. त्याचा त्या दिवशी पहिला सराव पाठ होता. गेला महिनाभर तो आरशासमोर “सावधान, विश्राम” करत होता. त्याच्यासाठी आलेली शाळेची चाळीस मुलं वाट बघून परत गेली होती. तो गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवत होता.

मी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं, “सर, फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलंय. मी वेळेवर उठत नाही.” सर म्हणाले, “गुण वाढवून मागणारे खूप बघितले. कमी करून मागणारी तू पहिली.” मग मी त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले आणि शुक्रवारी मुलं परत मिळवली. साडेपाचला फाटक उघडलं, चुन्याने मैदान आखलं, रांगा लावल्या. जितेशचा पाठ असा झाला की मुलं जायला तयार होईनात. जाताना त्याने माझ्यासमोर बिस्किटाचा पुडा धरला, तेव्हा कुठे मला भूक लागली.

फॉर्म मी पुन्हा भरला. शिस्तीत खालून तिसरी आले. पण ‘मी माझ्या आयुष्यावर समाधानी आहे’ या वाक्यापाशी पेन थांबलं, मी नीट विचार केला आणि ‘पूर्णपणे’वर खूण केली. आत्या, पन्नास ‘नेहमी’पेक्षा ही एक खूण मला जास्त अभिमानाची वाटते. आणि किल्ली सरांनी माझ्याकडेच ठेवलीय. गेले वीस दिवस एकदाही उशीर नाही.

मामांना जयभीम, ओवीला पापा.

तुझी,
विनिता

ता. क. : ते वीस दिवस आणि पहिले आठही मला आईने उठवलं. नवव्या दिवशी ती घरी नव्हती, हे वर लिहायचं राहिलं. फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाही नव्हता.

ता. क. २ : आई उद्यापासून महिनाभर नाशिकला चाललीय. तू साडेचारला उठतेसच, तर मला रोज एक फोन करशील? मी “उठले” म्हणाले तरी विश्वास ठेवू नकोस.