मला नाही कळलं, परत सांग

बाई, सगळ्यात आधी आली ती केम गावची पोर. तिची रेल्वेच लवकर पोचते, ती तरी काय करणार. मी अजून भाकरी थापत होते, हात पिठानं भरलेले, आणि दारातनं आवाज, "आजी, मॅडमनी हितंच बोलवलंय न्हवं?" म्हटलं, हितंच की, ये आत, चप्पल वर ठेव, खाली ठेवली की मांजर नेतंय. तिच्यामागनं टेंभुर्णीचा पोरगा आला, केसांना पाणी लावून, काखेत जाडजूड गाइड. आणि मागच्या गल्लीतली विणकरांची पोर, जिला चार पावलं यायचं, ती सगळ्यात शेवटी. शाळेपुढं राहणारा उशिरा येतो, असं तुम्ही हजेरी घेताना म्हणायचात, ते आजही तसंच आहे.

मॅडम म्हणजे माझी नात हो. कॉलेजात बारावीला इंग्रजी शिकवते. मी चौथीतनं सुटले, आणि माझी नात इंग्रजी शिकवते, हे तुम्हाला लिहिताना मला आपलं हसूच फुटतंय. पण गेले काही दिवस पोर पार उतरली होती. एक जुनं इंग्रजी पुस्तक तिनं वर्गाला जीव लावून शिकवलं, आणि मग पेपर काढला. सगळ्यांनी गाइडातलं जसंच्या तसं उतरवलं. त्या पुस्तकात एका माणसाचा शेजारी आहे, गाइडवाल्यानं चुकून त्याचा भाऊ केलाय, तर वर्गातल्या सगळ्यांच्या पेपरात शेजारी भाऊच. पेपर माझ्यापुढं टाकून म्हणाली, "आजी, मी भिंतीला शिकवते बघ. पुण्याच्या कंपनीतनं बोलावणं आलंय, महिनाअखेर कळवायचंय. जाते मी." पगार चांगला असेल, जा म्हणावं तर जीभ उचलेना. शिकवताना तिचे हात कसे हलतात ते मी पाहिलंय, बाई. तुमचे हलायचे तसे.

म्हणून मी तिला तुमची गोष्ट सांगितली. "धडा वाचलात का" असं तुम्ही आम्हा पोरींना कधी विचारलंच नाही. म्हणायचात, आज घरी जाऊन आईला सांगा. आणि मग संध्याकाळी चाळीत फेरी. आमची आई उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली असते, पानं कातरलेली, तंबाखूचा वास सगळीकडं, आणि तुम्ही पदर खोचून तिच्याशेजारी बसता. "काय सांगितलं पोरीनं?" आईला अक्षर ठाऊक नव्हतं. हात न थांबवता ती म्हणते, "पोपट उडून गेला म्हणं. पर पिंजऱ्याचं दार कुणी उघडलं, ते न्हाई सांगितलं हिनं." तुम्ही माझ्याकडं बघता, रागावत नाही, नुसतं कपाळाला आठी घालून म्हणता, "मला पण नाही कळलं. परत सांग." मी परत वाचते, परत सांगते. आम्ही पोरी पाठीमागं म्हणायचो, आपल्या बाई चांगल्या आहेत, पण डोक्यानं जरा मंद आहेत. धडा त्यांचा आणि कळत त्यांनाच नाही. जाताना आई तुमच्या हातावर शेंगाचटणीची पुडी ठेवायची, आणि तुम्ही ती रस्त्यातच उघडायचात, आम्ही बघायचो.

नातीनं ऐकत ऐकत पेपर गोळा केले. मग म्हणाली, "आजी, मी पोरांना घरी आणू? तुला पुस्तक सांगतील." मला सांगतील! मी त्या दिवशी दोनदा भांडी घासली, काही गरज नसताना.

तर पोरं बसली. टेंभुर्णीच्या पोरानं गाइड उघडून सुरू केलं, "सदर कादंबरीतून हुकूमशाहीचे भेदक चित्रण..." मी म्हटलं, थांब बाबा, ते राहू दे. त्या पुस्तकातल्या गावात सकाळी चूल कोण पेटवतं? पोरगं पानं उलटायला लागलं. गाइडात चूल नव्हती. नात भिंतीला टेकून उभी, बोटं पदराशी.

मग केमची पोर हळूच म्हणाली, "चुली न्हाईतच आजी तितं. सरकारनं बंद केल्या. सगळ्यांला एकाच जागी जेवण, सारखंच."

"का गं? लाकूड महाग झालं?"

"न्हाई. चुलीपाशी म्हातारी माणसं बसत्यात. बसली की गेलेल्यांची आठवण काढत्यात. आठवण निघाली की कुणीतरी म्हणतंच, पूर्वी असं नव्हतं. ते सरकारला नको हाय. तितं मेलेल्या माणसाचं नाव घेतलं तरी धरून नेत्यात."

मी म्हटलं, मग मी पहिल्याच दिवशी आत. पोरं हसली, आणि तिथनं जी सुटली! विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात, त्या पोरीनं आदल्या दिवशी आपल्या आजीला तेलुगूत सांगून बघितलं होतं. ती आजी म्हणाली होती, शेजारीच चुगली करतो, बघ. "भाऊ न्हाई तो, शेजारीच हाय," टेंभुर्णीचा एकदम म्हणाला, आणि गाइड मिटून मांडीखाली घातलं. नातीनं माझ्याकडं पाहिलं. बाई, ते पाहणं तुम्ही असतात तर ओळखलं असतंत.

शेवट असा की शेजाऱ्याच्या चुगलीवरनं त्या माणसाला पकडतात आणि विचारतात, तुझ्या गेलेल्या आईचं नाव काय. तो म्हणतो, आठवत नाही. टेंभुर्णीचा म्हणे, मारून मारून विसरायला लावलं त्याला, हरला तो. केमची म्हणे, खुळा हायस काय, लपवलं त्यानं. लई भांडली. भाकऱ्या गार झाल्या, चटणी मात्र संपली.

ती गेल्यावर नात ताट घेऊन बसली. पुण्याचं काही बोलली नाही. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षीची पोरं पण आणू का गं तुझ्याकडं?" मी म्हटलं, आण की, पीठ जास्त दळून ठेवते. आणि उठून मोरीत गेले, तोंड धुवायला.

तुम्ही तर केव्हाच देवाघरी गेलात, हा कागद कुठं टाकायचा ते काही मला ठाऊक नाही. पिठाच्या डब्याखाली राहील. पण एक तुमच्याजवळच बोलते. पोरं निघताना मी कपाळाला आठी घालून म्हटलं, "मला शेवट काही कळला नाही बघा, परत वाचून या." बाई, मला कळला होता. आईचं नाव कुणी विसरतं होय. आता वाटतंय, पोपटाच्या पिंजऱ्याचं दार कुणी उघडलं, ते तुम्हालाही तेव्हा ठाऊकच असणार. आणि आम्ही तुम्हाला मंद म्हणायचो.

गुरुवारी येतो म्हणून गेलीत.