दाराचं कुलूप मी बदललं

प्रिय आई,

परवा फोनवर माझा आवाज ऐकून तू विचारलंस, आणि मी सर्दीचं निमित्त सांगितलं. सर्दी नव्हती. फोनवर तू मध्येच बोलायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

तुझी धाकटी घरातली दुरुस्ती शिकली, यावर तुझा विश्वास बसणार नाही. बल्ब बदलायलाही मी बाबांना हाक मारायचे. इथे वेगळी राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात नळ गळायला लागला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात एक बाई बसतात, सगळे त्यांना खिळेकाकू म्हणतात. त्यांनी वायसर दिला, पान्हा कसा धरायचा ते दाखवलं, आधी मुख्य कॉक बंद कर म्हणून बजावलं. नेमकं तेच मी विसरले. नखशिखांत भिजले आणि कितीतरी महिन्यांनी एकटीच खदखदून हसले. मग बिजागऱ्यांना तेल घातलं, एक फळी ठोकली. ती अजून जराशी डावीकडे कलते. उजव्या मनगटात पूर्वीसारखा जोर येत नाही. जिन्यावरून पडले असं तेव्हा तुला सांगितलं होतं. जिन्यावर होते हे खरं, पण मी आपणहून पडले नव्हते.

वाचायचं थांबू नकोस.

गेल्या महिन्यात कामावरून आले तर खुर्ची खिडकीपाशी होती. मीच सरकवली असेल म्हटलं. चार दिवसांनी ओट्यावर एक कप धुऊन पालथा घातलेला. मी सकाळी चहा घेतलाच नव्हता. तिसऱ्यांदा माझे कपडे घडी घालून पलंगावर ठेवलेले होते, बाह्या आत दुमडून. तशी घडी कोण घालतं हे तुलाही माहीत आहे, जावयाच्या त्या घड्यांचं तू किती कौतुक करायचीस. मी चौकीत गेले. तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, कुलूप तर फोडलेलं नाही, किल्ली कुणाला दिली आहे का? मी नाही म्हणाले.

घरमालकिणीला विचारून मी नवं कुलूप आणलं. खिळेकाकूंनी दुकानातल्या जुन्या दारावर दोनदा माझ्याकडून बदलून घेतलं. दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढायचा, किल्ली किंचित तिरकी करायची, की किल्ली जिथे जाते तो कुलपाचा गाभा सरकून बाहेर येतो. पण तो स्क्रू काढायला दार उघडं ठेवावं लागतं. शनिवारी दुपारी दार उघडं टाकून मी जमिनीवर बसले आणि घाईत लहान पेचकस लावला. स्क्रूची खाच झिजली. तेवढ्यात त्याचा मेसेज आला, की येतोय, समोरासमोर बोलू.

काकूंना फोन केला. त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "रुंद रबरबँड खाचेवर ठेव, त्यावर मोठा पेचकस. आधी दाब, मग फिरव." मी सगळं अंग टाकून दाबलं. मनगटातून कळ गेली. स्क्रू अर्धा वेढा हलला, मग सुटला. जुना गाभा ओढून काढला, नवा घातला, तर त्याचं भोक स्क्रूच्या समोर येईना. खाली जिन्यावर बूट वाजले. त्याची पावलं मी झोपेतही ओळखते. पळून वरच्या मजल्यावर जावं असं वाटलं. गेले नाही. किल्ली पुन्हा जरा फिरवली, भोक जुळलं, स्क्रू आवळला, दार लोटलं आणि आतून दोनदा किल्ली फिरवली.

त्याने बेल वाजवली नाही. सरळ किल्ली घातली. ती अर्धीच आत गेली. पुन्हा, मग पुन्हा. मी दाराला पाठ लावून बसले होते आणि खरखर पाठीत जाणवत होती.

"किल्ली लागत नाहीये," तो हळूच म्हणाला. अगदी गोड आवाजात.

"लागणार नाही," मी म्हणाले.

त्याने किल्ली ओढून काढली. मग बूट खाली उतरत गेले. सोमवारी चौकीत जाऊन मी तेही लिहून दिलं, जिन्याचंही.

आई, जुन्या कुलपाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक माझ्या पर्समध्ये आहे. दुसरी मी तुला दिली होती, कधी आलीस तर बाहेर ताटकळायला नको म्हणून. चौकीत मी तुझं नाव घेतलं नाही. तू ती त्याला का दिलीस ते मला कळतं. तो तुझ्यासमोर रडला असेल, आणि पोरीचा संसार सावरेल असं तुला वाटलं असेल. मी भांडायला लिहीत नाही. नव्या कुलपाची किल्ली मात्र तुला देणार नाही, एवढं सांगायला लिहिते आहे. तू ये. बेल वाजव, मी दार उघडीन. पण एकटी ये.

तुझीच,
धाकटी