दोनदा बॅट टेकवणारी

१ फेब्रु., रवि.
निघोज्याचं ग्राउंड. प्राजक्ता पुन्हा शून्यावर. मागच्या रविवारी सत्तर, त्याआधी शून्य. एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी उपास.
संध्याकाळी पुण्याहून क्लबच्या सरांचा फोन. मी खेळायचे तेव्हापासूनची ओळख. सीझन बॉलची, म्हणजे कडक लेदर बॉलची ट्रायल आहे, मी सांभाळते त्या आमच्या कंपनीच्या लेडीज टीममधून एकच मुलगी हवी. "भरवशाची पाठवा, सुनंदाबाई. तुमच्या शब्दावर घेतोय." भरवशाची म्हणजे डिस्पॅचची कविता. दर मॅचला वीस-बावीस, कधी कमी नाही. पण प्राजक्ता तेवीसची झाली, घरी स्थळं बघतायत. यंदा राहिलं की राहिलंच.

४ फेब्रु., बुध.
कँटीनमध्ये प्राजक्ताला झापलं. आल्या आल्या बॅट फिरवायची काय गरज होती?
"मारायचाच बॉल होता, ताई. खाली राहिला."
चेहऱ्यावर ना खंत ना खेद. वर मलाच, "तुमची भाजी गार होतेय." स्वतः दोनदा भात घेतला. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "शून्य काढून एवढी भूक?" मलाही तेच वाटलं. पोरगी बेफिकीर आहे.

८ फेब्रु., रवि.
आज जे बघितलं ते नीट लिहिता येणार नाही, तरी. प्राजक्ता ६४. बॉलरच्या बाजूने सरळ गेलेला एक चौकार असा, की मी टाळी वाजवायची विसरले. समोरची कॅप्टनसुद्धा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
त्यांच्या पोरी हिला काहीबाही बोलत होत्या. हिचं आपलं एकच. बॉल झाला की दोन पावलं बाजूला, परत येऊन बॅट दोनदा टेकवायची, मग मान वर. चौकार गेला तरी तेच, बॉल हुकला तरी तेच.

११ फेब्रु., बुध.
क्वालिटीत इतकी वर्षं काढली. एक पीस चांगला निघाला म्हणून लॉट पास करत नाही आपण, मशीनचं सेटिंग हलतंय का ते बघतो. आणि इथे मी नुसते पीस मोजत बसले.
जेवणाच्या सुट्टीत आमच्या कीपरच्या मोबाइलवर १ तारखेचा व्हिडिओ बघितला. प्राजक्ताचं ते शून्य. पहिला बॉल हुकला. दोन पावलं, दोनदा टेकवलं, जसं चौसष्टच्या दिवशी तसंच. दुसरा बॉल खरंच घरंगळत आला, कुणीही गेलं असतं. व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा बघितला.
मग कविताची बॅटिंग. पंधरा झाले की स्कोअरबोर्डकडे बघायला लागते, मग माझ्याकडे. विसाला पाय जड. बिचारी.

१५ फेब्रु., रवि.
मॅचआधी दोघींना मुद्दाम सांगितलं, आज नाव ठरणार. कविताचा चेहरा उतरला. प्राजक्ता म्हणाली, "बरं." आणि तिसऱ्या बॉलला कॅच देऊन परत. शून्य. कविता तेवीस.
प्राजक्ताने पॅड सोडले आणि बाउंड्रीवर उभी राहून कवितासाठी ओरडत राहिली, घसा बसेपर्यंत.
ह्यांचं मत, "डोकं ठिकाणावर ठेव, कविताला पाठव." टीममध्येही सगळ्यांचं तेच.
सरांना प्राजक्ताचं नाव कळवलं. आता कविताला सांगायचंय. कसं, ते...

२२ फेब्रु., रवि.
ट्रायल. पहिलाच बॉल प्राजक्ताच्या बरगडीत. सीझन बॉल तो, आवाज माझ्यापर्यंत आला. मीच डोळे मिटले. उघडले तर दोन पावलं चालून झाली होती, बॅट टेकवत होती.
पुढचा कव्हरमधून चौकार. सर चष्मा पुसायला लागले. आणखी दोन चौकार, आणि मग स्टंप उडाला.
सर म्हणाले, "हिचं काय करायचं, बाई? पुढच्या रविवारी परत आणा, तेव्हा सांगतो."
बसमध्ये बरगडी धरून बसली होती. विचारलं, तुला भीती कशी वाटत नाही गं?
"वाटते की. प्रत्येक बॉलला वाटते. एकदा टेकवून जात नाही, ताई. म्हणून दोनदा."
ती काळेवाडीला उतरली. खालून हात केला, दुसरा हात बरगडीवरच. रविवारी सर काय म्हणायचं ते म्हणोत, मी तिला घेऊन जाणार.