घड्याळाचं निमित्त

ग्रात्स, २० जुलै

प्रिय वेड,

तुझ्या कार्लाचा निरोप मिळाला. बाबा जाऊन चार महिने झाले तरी तू त्यांच्या घरात पाऊल टाकत नाहीस, अंगणात गाडी लावून आतच बसून राहतोस आणि तसाच परत येतोस, असं तिनं कळवलं. दफनाच्या दिवशी तू मला म्हणालास, "छपराची पन्हळ मी साफ करायला हवी होती, जो. महिनाभर चालढकल केली. त्यांना शिडीवर मी चढवलं." मला काहीतरी बोलायचं होतं, ते बोलले नाही. आज त्यासाठीच लिहायला बसले आहे. पण मुद्द्यावर यायला तुझ्या बहिणीला वेळ लागतो, हे तुला नवीन नाही.

इकडचं म्हणशील तर सारं तेच. डेरेक त्याच्या पंपांच्या कारखान्यात रमलाय. इथं येऊन पाच वर्षं झाली तरी माझा हा नवरा रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायला निघतो आणि खालच्या पिख्लरबाई त्याला जिन्यातूनच परत पाठवतात. "अहो, आज रविवार, शांततेचा दिवस. आज काच वाजवायची नाही. तुमच्या अमेरिकेत शेजारी बहिरे असतात का?" ओशाळून वर येतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा जातो. शनिवार उजाडला की आम्ही पाठीला पिशव्या लावून पळायचो. ल्युब्लियाना, त्रिएस्ते, कधी नुसतंच तासाभरावरचं मारिबोर. बाबा म्हणायचे, "कंपनीनं पायाला भिंगरी बांधून पाठवलंय का तुम्हाला?" पण ऐकायचे सगळं. चर्चमधून येऊन, जेवून, बरोबर एक वाजता स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसायचे. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात. परतीच्या गाडीतून मी त्यांना काय पाहिलं, काय खाल्लं ते सांगायची. शेवटचा प्रश्न ठरलेला: "घरी परत कधी येताय?"

मार्चमध्ये तुमची घड्याळं आमच्याआधी पुढे जातात. मग दोन-तीन आठवडे मला सातऐवजी सहालाच फोन करावा लागतो. त्या रविवारी मी सातला केला. तुमच्याकडे दोन वाजले होते आणि बाबा तोवर शिडीवरून पडले होते. मी सगळ्यांना सांगितलं, तासाचा घोळ झाला. सगळ्यांना पटलंही. इथल्या प्रत्येक अमेरिकन माणसाचा कधी ना कधी तो घोळ होतोच. मार्था आत्या तर मलाच थोपटत म्हणाली, "पोरी, दोष घड्याळाचा. तू कशाला जिवाला लावून घेतेस?" मी मान डोलावली. त्याची मला लाज वाटते.

घोळ झाला नव्हता, वेड. सहा वाजता आम्ही मारिबोरला नदीकाठी कॉफी पीत होतो. डेरेक म्हणाला, "अगं, तिकडची घड्याळं आज पुढे गेली. बाबा वाट बघत असतील." मी म्हटलं, "गाडीत बसल्यावर करते." त्याच आठवड्यात डेरेकनं इथल्या आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली होती आणि बाबांचा तो प्रश्न मला त्या दिवशी नको होता. सव्वासहाला त्यांचाच फोन आला. तोवर त्यांनी आपणहून कधी केला नव्हता. मी फोन पालथा ठेवला आणि केक खात राहिले.

त्यांनी निरोप ठेवला होता. तो मी डेरेकलाही ऐकवलेला नाही. पत्र हाती पडलं की कळव, तुझ्या फोनवर पाठवते. तोवर त्यांचे शब्द लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहेत आणि मी चार महिने दाबून ठेवले. "जो, मी बोलतोय. कामात दिसतेस. असू दे. वेड मंगळवारी येतोय पन्हळ साफ करायला, मीच त्याला म्हटलं, ये सावकाश, ती कुठं पळून जातेय? पण तुझा फोन येईपर्यंत बसून काय करू, तेवढ्यात मीच उरकून टाकतो. कर हं फोन. मी आहे इथंच." त्यांना शिडीवर तू चढवलं नाहीस, वेड. ते माझी वाट बघत वेळ काढत होते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, ते मी सोसेन. पण तू गाडीतून उतर आणि आत जा.

तुझीच,
जो