पृथ्वी एकदा वाचली, तेवढं पुरे

कॅप्टनसाहेबांस,

पृथ्वीवरून तुमच्या डॉक्टरीणबाईचा सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे माझी पाठ सोडून सगळं. तुमचा गुडघा काय म्हणतो? लेकीकडे राहायला गेल्यापासून तुमचं एकच पत्र आलं आणि त्यातलं निम्मं जावईबापूंच्या टोमॅटोंबद्दल होतं. टोमॅटोंना माझे आशीर्वाद सांगा. घसा जपता ना? (आता तो कामाचा राहिला नाही, असं तुम्ही म्हणाल. पण तो कॅप्टनचा घसा आहे. जावयाशी राजकारणावर वाद घालून त्याचं मातेरं करू नका.)

पत्रास कारण की, परग्रहवाले परत आले आहेत.

घाबरू नका, सिनेमात आले आहेत. आपण दोघांनी ज्या सिनेमाला आपल्या भाषेत आवाज दिले, ज्यानंतर तुम्हाला सगळे कॅप्टन म्हणायला लागले आणि मला डॉक्टरीणबाई (माझं शिक्षण गृहविज्ञानाचं, पण वाण्याच्या दुकानातसुद्धा लोक मला गुडघ्यावर औषध विचारतात), त्याचा इतक्या वर्षांनी दुसरा भाग निघाला आहे. आता मला सांगा, याची काय गरज होती? पहिल्या भागात एवढं गावभर पसरलेलं यान आलं, समुद्र अर्धा पिऊन टाकला, पूल पाडले, आणि शेवटी अग्निशमन दलाच्या बंबातल्या फेसाने ते सगळेच्या सगळे साबणाच्या वडीसारखे विरघळले. विरघळलेला माणूस परत येतो का? पण हे आले. आणि कसे आले, तर रेनकोट घालून. मी डबिंगच्या दिग्दर्शकाला विचारलं की एवढी प्रगत जमात, ताऱ्यांवरून ताऱ्यांवर उड्या मारणारी, तिला पहिल्याच खेपेला रेनकोट सुचला नाही का? तो म्हणाला, "बाई, सुचला असता तर दुसरा भाग कसा निघाला असता?" याला आता काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी काम घ्यायचं नाही असंच ठरवलं होतं. सुनेलाही तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं आई," आणि चाव्या शोधत ऑफिसला निघून गेली. (माझ्या मोठ्या निर्णयांना या घरात एवढीच किंमत आहे.) मग घर रिकामं झालं, मी पंख्याखाली बसले, आणि सहज, केवळ गळा चालतो का बघावं म्हणून, पहिल्या भागातलं माझं ते वाक्य म्हणून पाहिलं. तुम्हाला आठवत असेल, हॉस्पिटलच्या गच्चीवरून डॉक्टर खाली ओरडते ते. आमच्या गच्चीची किल्ली काही माझ्याकडे नसते, म्हणून बाल्कनीत गेले आणि जीव खाऊन ओरडले, "खाली उतरा, सगळे खाली उतरा, ते आलेत."

कॅप्टन, गळा उत्तम चालतो. सगळी इमारत खाली उतरली.

समोरच्या घरातली शिक्षिका वह्या तपासता तपासता तांबडं पेन कानामागे खोचून उतरली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले दाढीला अर्धा साबण लावून, हातात छत्री घेऊन उतरले. वॉचमनने तर पाण्याचा पंप बंद केला; का केला ते त्यालाही सांगता आलं नाही. मी चप्पल घालून खाली पोहोचेपर्यंत लोक घोळका करून एकमेकांना विचारत होते, कोण आलेत? कोणी म्हणालं पालिकेचे लोक आलेत, कोणी म्हणालं चोर, एक बाई म्हणाल्या माझे सासू-सासरे आले असतील, आणि त्या एकट्याच खऱ्या अर्थाने घाबरल्या होत्या. मी खरं काय ते सांगितलं. बँकवाले माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तरीच म्हटलं आवाज ओळखीचा कसा. कॅप्टन कुठे असतात हल्ली?" मी म्हटलं, असतात लेकीकडे, मजेत आहेत. एवढं बोलून मी वर आले आणि दिग्दर्शकाला फोन करून काम घेतलं.

आता स्टुडिओची हकिगत. आपला जुना स्टुडिओ गेला. तो शिंप्याच्या दुकानावरचा जिना, भिंतींना ठोकलेली ती गोणपाटं, शिलाई यंत्र चालू झालं की थांबवावं लागणारं रेकॉर्डिंग, सगळं गेलं. नवा स्टुडिओ म्हणजे काचेच्या कपाटांची रांग. एका कपाटात एकच माणूस उभं करतात. आपण दोघं एका माइकवर उभे राहायचो, तुमचं वाक्य आलं की मी अर्धं पाऊल मागे आणि माझं आलं की तुम्ही, ते आता कुणी करत नाही. ज्याने त्याने आपापल्या दिवशी यायचं, एकट्याने बोलायचं आणि घरी जायचं. (आपल्या वेळी मी परग्रहवाल्याला बघून किंचाळले तेव्हा तुम्ही खरोखर माझा दंड धरला होतात. रेकॉर्डिंगमध्ये बांगड्या वाजल्या म्हणून परत करावं लागलं. परत करताना तुम्ही धरला नाहीत. ते दुसरं किंचाळणं सिनेमात आहे आणि मला विचाराल तर ते मुळीच बरं नाही.)

नवा कॅप्टन येऊन बोलून गेला होता. मला तो फक्त कानात ऐकू आला. मुलगा चांगला आहे असं म्हणतात, व्यायामशाळेत जातो, आवाज थेट पोटातून येतो. पण तो 'डॉक्टर' असा म्हणतो की वाटावं, याला खोकल्याचं औषध पाहिजे. तुम्ही 'डॉक्टर' म्हणताना शेवटचं अक्षर जरा लांबवायचात, जसं काही पुढे आणखी बोलायचं आहे आणि राहून जातंय.

तर दुसऱ्या भागात असं आहे, की पहिलं युद्ध संपल्यावर कॅप्टन कुठल्या तरी दूरच्या तळावर निघून गेला आणि इतकी वर्षं फिरकलाच नाही. रेनकोटवाले येतात तेव्हा तो परत येतो. डॉक्टर हॉस्पिटलच्या दारात उभी असते, केस पिकलेले, हातात पट्ट्यांचा ट्रे. तो समोर येऊन उभा राहतो. तिथे तिला एकच वाक्य आहे. लेखकाने लिहिलं होतं, "किती उशीर केलास तू." मी म्हटलं. दिग्दर्शक कपाटाबाहेरून म्हणाला, जमत नाही. पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "बाई, वाक्य चांगलंय, पण पडद्यावरची बाई सुरुवातीला ओठ मिटतेय आणि मध्ये एकदा मिटतेय. आपल्या वाक्यात ओठ मिटणारं अक्षरच नाही. प, फ, ब, भ, म, काहीतरी द्या मला."

मी पडद्याकडे बघितलं. ती बाई पुन्हा दारात आली, तिचे पुन्हा ओठ मिटले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी वाट बघत होते."

सुरुवातीला म, मध्ये ब. तंतोतंत बसलं. रेकॉर्डिंगवाला मान खाली घालून बटणं पुसत बसला. मग दिग्दर्शक म्हणाला, "हेच ठेवू. परत नको घ्यायला." मी हेडफोन काढून ठेवला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर जाऊन बराच वेळ पाणी प्याले. तुम्ही व्याकरणाचे पक्के म्हणून सांगते, त्या वाक्यात तू पण नाही आणि तुम्ही पण नाही. आपण माइकसमोर एकमेकांना तू म्हणायचो आणि जिना उतरताना पुन्हा तुम्ही. मला तो जिना कधीच आवडला नाही.

घरी आल्यावर मी मुलाला समजावून सांगितलं की असल्या सिनेमांचे दुसरे भाग काढूच नयेत. जग एकदा वाचलं की वाचलं. पुन्हा वाचवायचं तर आधी पुन्हा बुडवावं लागतं, आणि त्यात दरवेळी तेच पूल पडतात. मुलगा म्हणाला, "मग लोक बघायला का जातात?" याचं उत्तर मला नंतर कपडे वाळत घालताना आलं. पहिल्या भागाच्या शेवटी कॅप्टन आणि डॉक्टर त्या मोडक्या पुलावर उभे राहतात, सकाळ होते आणि पडद्यावर नावं सुरू होतात. मग पुढे काय? जेवले कुठे? घरी कोण कुणाच्या गेलं? तिने विचारलं का की आता तुमचं काय ठरलंय? एवढंच बघायला लोक परत तिकीट काढतात, आणि त्यांना दाखवतात काय, तर रेनकोट. माझं म्हणणं, एक भाग असा काढावा ज्यात कुणीच येत नाही. नुसती सकाळ, दोघं जण, आणि कुणालाही कुठे जायची घाई नाही. तो चालणार नाही म्हणा. थिएटरात मी एकटीच असेन.

असो. फारच लांबलं. लेकीला, जावईबापूंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या आणि जिने टाळा.

तुमची,
डॉक्टरीणबाई

ता. क. लिहायचं राहिलं. नव्या कॅप्टनचा आवाज जाहिरातीत वाजला आणि लोकांनी तक्रारी केल्या, हा आमचा कॅप्टन नव्हे म्हणून. दिग्दर्शकाने मला विचारलं की जुने कॅप्टन येतील का. मी म्हटलं, छे, त्यांचा गुडघा, त्यांची लेक, ते कशाला येतात. मग म्हटलं, पत्रात सहज विचारून बघते. तर हे सहज विचारलं.

ता. क. २. नव्या स्टुडिओला लिफ्ट आहे. मी स्वतः वरखाली करून खात्री केली आहे.

ता. क. ३. दोघांना वेगवेगळं उभं करू असं तो म्हणत होता. मी त्याला सांगितलं, की डॉक्टर शेजारी नसली तर कॅप्टनना वेळ साधता येत नाही, पहिल्यापासूनची सवय आहे. तुम्हाला विचारलं तर हो म्हणा. एक माइक आणून ठेवायला सांगितलाय.

ता. क. ४. तिसऱ्या भागाचीही बोलणी चालू आहेत. मी गोष्ट न ऐकताच होकार कळवला, दोघांचाही.