खुळखुळ्याच्या बाजूने एक मत

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे आठही अंगं टेकत नाहीत, जेवढी टेकतील तेवढी गोड मानून घ्या. पाठ कुणाच्या गाडीने धरली, हे पत्राच्या सुरुवातीलाच काढत नाही.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मामी गोळ्या वेळेवर देतात ना? आज खुर्चीत नीट टेकून बसा आणि मगच पुढे वाचा.

तुमची आज्ञा होती, की तुम्ही आराखडा काढलेली गाडी मोडीत निघण्यापूर्वी तिच्याबद्दल प्रवाशांची चार बरी मतं गोळा करून पाठवावीत, म्हणजे तुमच्या निरोपसमारंभात ती वाचता येतील. मामा, लहानपणी पोहायला शिकवताना तुम्ही मला तळ्यात ढकललं होतं, ते यापेक्षा सोपं होतं. बसचा सांगाडा उचलून रेल्वेच्या चाकांवर ठेवायची कल्पना सुचली त्या दिवशी तुम्ही उपाशी होतात की जास्त जेवला होतात, एवढंच इथल्या लोकांना जाणून घ्यायचं आहे. गाडीला सगळे खुळखुळा म्हणतात. (तुम्ही माझे मामा आहात हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला रोज तिच्यातूनच चष्म्याच्या दुकानात कामाला जायचं असतं.)

तरी कामाला लागलो. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "या गाडीत सुईत दोरा ओवून दाखवा, मग मत देते." निवृत्त मास्तरांना गाडीचे गुण विचारले, तर त्यांनी ते शंभरापैकी दिले. (आकडा कळवत नाही.) दाताच्या डॉक्टरांनी मात्र तोंड भरून स्तुती केली. मी हरखून सगळं उतरवून घेतलं, मग कळलं की त्यांचा दवाखाना स्टेशनासमोरच आहे आणि लोकांचे भरलेले दात याच गाडीत सुटतात. एक गृहस्थ म्हणाले, शेजारी बसलेली बायको काय बोलते ते या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून संसार टिकला. बायकोनेही तेच कारण सांगितलं. (तिला दुसऱ्या डब्यात नेऊन विचारलं.) तिकीट तपासनीस म्हणाला, या गाडीत फुकटसुद्धा कुणी बसायला तयार नाही, त्यामुळे काम हलकं आहे. हे समारंभात वाचायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

सकाळच्या फेरीला आता नवी गाडी येते. दारं आपोआप मिटतात, गादी लोण्यासारखी, आणि चालली आहे की उभी आहे तेच कळत नाही. मामा, राग मानू नका, पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाअखेरीला संध्याकाळची फेरीही तिच्याकडे जाईल. मतांचं काही जमत नाही. समारंभात मामींना गायला सांगा.

तुमचा भाचा

ता. क. घरी सगळे बरे आहेत, फक्त तुमची नात, म्हणजे आमची तान्ही, झोपत नाही. पाळणा, खांदा, तुमच्या सूनबाईची अंगाई, माझी अंगाई (ही एकदाच) सगळं झालं. ती झोपते फक्त खुळखुळ्यात. म्हणून रोज संध्याकाळी मी उतरायच्या ऐवजी सूनबाईच तिला घेऊन चढते, आणि आम्ही शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येतो. गाडी हलली की पोरीचे डोळे मिटतात. परवा तिला नव्या गाडीत नेलं, तर तिने असा सूर लावला, की लोक त्या लोण्यासारख्या गाद्या सोडून पलीकडच्या डब्यात गेले.

आणखी एक ता. क. खरं काम हे, की येत्या रविवारी हत्यारांची पेटी घेऊन या. पाळणा फार छान हलतो, तो बिघडवायचा आहे. मी त्याच्या पायांखाली खुंट्या ठोकून पाहिल्या. पण ते हिसके, ती करकर आणि मधेच ती उचकी, हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. समारंभात वाचायला हे एक मत धरा. (प्रवाशाचं वय वाचू नका.) संध्याकाळच्या गाडीनेच या, आम्ही मागच्या डब्यात असू. गाडी चालू असताना कितीही मोठ्याने बोला. मात्र स्टेशनात थांबली की गप्प राहायचं. शिंपीणबाई, मास्तर, ते नवराबायको, सगळा डबा तिच्यासाठी गप्प राहतो.